सहाव्या मशीनची पहिली डिस्क

१

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता डोळ्यांच्या इस्पितळातून चार महिने नाहीसे झाले.

मोठ्या बाई म्हणजे इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टर. त्यांनी पहिल्या पेशंटला खुर्चीत बसवलं, त्याच्या डोळ्याच्या पडद्याचा ताजा फोटो काढून घेतला आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "मागचा लावा बरं शेजारी." मागचा नव्हताच. दुसऱ्या पेशंटचाही नव्हता, तिसऱ्याचाही नव्हता. मागचा आणि आताचा असे दोन फोटो शेजारी ठेवल्याशिवाय डोळा सुधारतोय की बिघडतोय हे कळत नाही. त्यामुळे मोठ्या बाईंसारख्या बाईंच्याही तोंडचं पाणी पळालं.

इस्पितळाच्या तळमजल्यावर एका थंडगार खोलीत सहा सर्व्हर एकावर एक बसवले होते. सगळे त्यांना एक नंबर, दोन नंबर असंच म्हणत. फोटो सहा नंबरमध्ये राहायचे. प्रत्येक मशीनमध्ये दोन डिस्क होत्या: छोटीवर मशीनची स्वतःची सिस्टीम आणि मोठीवर इस्पितळाची माहिती. रविवारी इस्पितळ बंद असताना सहाही मशिनांत नवी सिस्टीम टाकायचं काम झालं होतं. पाच मशिनांत ती जिथे जायची तिथे गेली, म्हणजे छोट्या डिस्कवर. सहाव्याने मात्र मोठी डिस्क पुसून काढली आणि फोटोंच्या जागी ऐसपैस मुक्काम ठोकला. फोटोंची दुसरी प्रत होती, पण ती चार महिन्यांपूर्वीपर्यंतचीच. प्रतीची डिस्क भरली होती आणि नवीन मागवायचं पत्र कोणाच्या तरी टेबलावर आराम करत होतं. बाहेरच्या तज्ज्ञाने पुसलेली डिस्क पाहिली आणि नुसती मान हलवली. तीनशे बारा पेशंटांचे फोटो गेले होते.

रविवारी त्या खोलीत एकटी चिमणी होती.

चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बारीक अंगाची, भरभर चालणारी, भरभर बोलणारी, म्हणून चिमणी. दीड वर्षापूर्वी कामाला लागली होती. सोमवारी दुपारपर्यंत तिच्या नावाचं पत्र टाइप होऊन मोठ्या बाईंच्या टेबलावर आलं. "कामात हयगय करून रुग्णांची माहिती नष्ट केल्याबद्दल" असे त्यात शब्द होते. असं पत्र हातात घेऊन माणूस दुसऱ्या कुठल्या इस्पितळाच्या पायरीवर उभाही राहू शकत नाही.

मोठ्या बाईंनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि फाइलकाकूंना बोलावणं धाडलं.

२

फाइलकाकू म्हणजे रेकॉर्ड रूमच्या काकू. एकतीस वर्षं इस्पितळाचे केसपेपर सांभाळत आलेल्या. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते त्या कोणापासून लपवतही नसत. पण कागद हरवला की सगळे त्यांच्याकडे येत. काकू कधी घाई करत नसत, कोणावर ओरडत नसत आणि कोणाच्या शब्दावर विश्वासही ठेवत नसत. तिन्ही गोष्टी त्या हसतमुखाने करत.

"मला यातलं काय कळतंय, बाई?" त्या मोठ्या बाईंसमोर बसत म्हणाल्या.

"म्हणूनच तुम्ही. ज्यांना कळतंय ते तिघंही यात अडकलेत. चिमणी, गुरुजी आणि मिस्त्री. कोणाचं ऐकू?"

"पत्रावर सही कधी करताय?"

"शुक्रवारी चार वाजता. तोवर दुसरं काही सापडलं तर सांगा. नाही सापडलं तर मला कोणाला तरी जबाबदार धरावंच लागेल. तीनशे बारा माणसं आहेत, काकू."

त्याच दुपारी तीन वाजता मशीनच्या खोलीत एक प्रयोग झाला. तो गुरुजींनी केला.

गुरुजी पूर्वी कॉलेजात शिकवत. छप्पन्न वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. इस्पितळातल्या कॉम्प्युटरचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. चिमणी त्यांचीच विद्यार्थिनी. तिला इथे त्यांनीच आणलं होतं.

"काकू, सोपं करून सांगतो," ते म्हणाले. "सिस्टीम टाकताना मशीन शंभर प्रश्न विचारतं. भाषा कोणती, वेळ कोणती, कुठल्या डिस्कवर जाऊ. पूर्वी माणूस समोर बसून उत्तरं द्यायचा. आता मी सगळी उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. तिला मी उत्तरपत्रिका म्हणतो. मशीन ती वाचतं आणि आपलं आपण काम करतं. सहा मशिनं आणि एकच उत्तरपत्रिका. रविवारी सहांनाही तीच दिली. एका अक्षराचा फरक नाही."

"ती फाइल कोण बदलू शकतं?"

"फक्त मी. चिमणी ती चालवू शकते, उघडू शकत नाही."

त्यांनी सगळ्यांच्या देखत सहा नंबरवर तेच काम पुन्हा लावलं. वीस मिनिटांत सिस्टीम छोट्या डिस्कवर जाऊन बसली. मोठ्या डिस्कला धक्काही लागला नाही.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "मशीन तेच, फाइल तीच," ते हळूच म्हणाले. "रविवारी फक्त माणूस वेगळा होता. सुरुवातीला एक बटण दाबलं तर मशीन थांबतं आणि डिस्क हाताने निवडता येते. तसंच झालं असणार. मला बोलायला जड जातंय."

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या चिमणीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

३

मंगळवारी काकूंनी एकेकाला गाठलं.

चिमणी जिन्याखालच्या बाकावर डबा न उघडता बसली होती. काकू शेजारी बसल्या, तिचा डबा उघडून तिच्यापुढे सरकवला आणि मगच बोलल्या.

"काय दाबलंस गं?"

"एकदा एन्टर. बस्स. पाच मशिनांना तसंच केलं, सहाव्यालाही तसंच केलं." ती थांबली. "निदान मला तरी तसं आठवतंय. पण काकू, सर चुकत नाहीत हो. आमच्या वर्गात कधी चुकले नाहीत. मग मीच काहीतरी दाबलं असेल का? माणसाच्या हातून होतं ना असं, आणि आठवत नाही?"

पोरीला नोकरीची भीती होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे तिचा स्वतःवरचाच विश्वास उडत चालला होता.

"कामाची काही नोंद असते का?"

"मशीन स्वतः लिहितं. सेकंदासेकंदाची. सहाव्याची रविवारची नोंद त्या मोठ्या डिस्कवरच आहे, काल सरांनी तिला हात लावला नाही. पण सर म्हणाले त्यात काही नाही."

"मला छापून दे. सहाही मशिनांची."

"शंभर-शंभर पानं होतील!"

"मी आयुष्यभर दुसरं काय केलंय?"

गुरुजींनी काकूंना आदराने खुर्ची दिली. "नोंद मी तपासली. त्यात चूक नाही."

"सगळी वाचलीत?"

"वाचायची कशाला? 'एरर' हा शब्द शोधायचा. सापडला नाही म्हणजे काम नीट झालं." ते हसले. "तुम्ही पानं छापून घेतलीत असं कळलं. उगाच डोळ्यांना त्रास."

"डोळ्यांच्याच इस्पितळात आहे, गुरुजी. बघून घेतील."

मिस्त्री तळमजल्यावर पंखा खोलून बसला होता. मशिनांची, वायरींची, दिव्यांची सगळी हातची कामं त्याची. खांद्यावर कायम फडकं, आणि बोलणं तोलूनमापून. कपाळावर आठ्या घालून त्याने काकूंचा प्रश्न ऐकला.

"सहा नंबरमध्ये काही बदललंस का रे, रविवारच्या आधी?"

"काही नाही. एक स्क्रूही बदलला नाही. लिहून घ्या."

"कोणी दुसऱ्याने?"

"माझ्या खोलीत? माझ्याशिवाय कोण हात लावतंय?"

तिघंही सरळ उत्तरं देत होते. तिघांच्याही उत्तरात कुठे फट दिसत नव्हती. तरीही काकूंच्या मनात पाल चुकचुकत राहिली, आणि ती का, हे त्यांना सांगता येईना.

४

संध्याकाळी काकू सहाशे पानं पिशवीत घालून घरी गेल्या. त्यांच्या यजमानांनी पिशवी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"आता इस्पितळ घरी आणलंस?"

"तुम्ही टीव्ही बघा."

यातलं काय वगळायचं हे काकूंना माहीत नव्हतं, म्हणून त्या सगळंच वाचत गेल्या. पहिल्या मशीनच्या पहिल्या पानावर त्यांना एक ओळखीची गोष्ट दिसली: हजेरी. मशीन चालू झालं की आपल्या पोटात कोण कोण आहे ते विचारतं, आणि जो जो उत्तर देईल त्याची वेळेसकट नोंद होते. दुसऱ्या सेकंदाला छोटी डिस्क हजर, तिसऱ्या सेकंदाला मोठी डिस्क हजर. दुसऱ्या मशीनमध्ये तेच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मशीनमध्येही तेच.

सहाव्यात मोठी डिस्क तिसऱ्या सेकंदाला हजर होती. छोटी अकराव्या सेकंदाला.

काकूंनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. छोटी डिस्क उशिरा आली होती. पण उशिरा आली म्हणून काय झालं? आली तर होती. त्यात एरर नव्हता हे गुरुजींचं म्हणणं खरंच होतं.

उत्तर बुधवारी सकाळी चहाबरोबर आलं. कडाक्याची थंडी होती. घरात एक मोठा कप होता, आणि चहा झाला अशी हाक मारली की जो पहिल्यांदा स्वयंपाकघरात पोचेल त्याला काकू त्यात चहा देत. पोचायचे नेहमी यजमानच. तो कप त्यांचाच आहे असं सगळ्या घराने धरून ठेवलं होतं. आज सूनबाई आधी आली. काकूंनी सवयीने मोठा कप तिच्या हातात दिला. यजमान गुडघे चोळत दारात आले आणि बघतच राहिले.

"माझा कप!"

"बाबा, तुम्ही उशिरा आलात," सून हसत म्हणाली.

"गुडघे धरलेत थंडीने! म्हणून काय माझा कप जातो?"

काकूंच्या हातातली किटली तशीच राहिली. कप त्यांनी कधीच यजमानांना दिला नव्हता. त्यांनी तो नेहमी पहिल्या येणाऱ्याला दिला होता. दोन्ही एकच आहे असं वाटायचं, ते केवळ यजमान रोज पहिले यायचे म्हणून.

त्यांनी चप्पल घातली आणि चहा न घेताच इस्पितळ गाठलं.

५

"चिमणे, उत्तरपत्रिकेत डिस्कचं काय लिहिलेलं असतं? छोटी असं?"

"नाही. मी फाइल उघडून पाहिलेली नाही, पण सहसा लिहितात ते 'पहिली डिस्क'. पहिली म्हणजे छोटीच ना."

"पहिली म्हणजे कोण? डावीकडून पहिली?"

चिमणी बोलायला गेली आणि थांबली. काकूंनी पेन्सिलीची रेघ तिच्यापुढे धरली. तिने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि तिचा हात तोंडाकडे गेला.

"जी आधी हजर होईल ती," ती पुटपुटली. "मशीनला डावं-उजवं कळत नाही. अगंबाई! मग मी... मी काहीच दाबलं नव्हतं!"

"हळू. छोटी उशिरा का आली ते अजून कळायचंय."

दोघी थंडगार खोलीत शिरल्या. काकूंनी रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं जे केलं तेच इथे केलं: प्रत्येक मशीनच्या समोरच्या कडेवरून बोट फिरवलं. एक ते पाच नंबरवर बोट राखाडी झालं. सहावर स्वच्छ निघालं.

त्या तशाच मिस्त्रीकडे गेल्या आणि बोट त्याच्यासमोर धरलं. "सहा नंबर पुसलंस कधी?"

"शनिवारी संध्याकाळी. आत धुळीची गादी झाली होती. बाहेर काढलं, फुंकून साफ केलं. टेबलावर ठेवलं उघडंच, एसीच्या झोताखाली, म्हणजे पुन्हा धूळ बसू नये. रविवारी सकाळी चिमणी येण्याआधी जागेवर."

"आणि मला म्हणालास काही नाही!"

"तुम्ही विचारलंत बदललं का. पुसणं म्हणजे बदलणं नव्हे, काकू. मी रोज काहीतरी पुसतो. ते सांगत बसलो तर जन्म जाईल." बोलता बोलता त्याला काहीतरी खटकलं आणि त्याने फडकं खांद्यावरून काढलं. "का हो? बिघडलं काही?"

"ती छोटी डिस्क किती जुनी आहे?"

"दहा वर्षांची. गार पडली की फिरायला वेळ घेते. जुन्या डिस्कचं असंच असतं. बाकीची पाच मशिनं रात्रंदिवस चालू, गरमच असतात. याला मात्र रात्रभर गारठा..."

सगळं जुळलं होतं. गार मशीन, उशिरा आलेली छोटी, आधी आलेली मोठी, आणि 'पहिली डिस्क' असं लिहिलेली उत्तरपत्रिका. सोमवारच्या प्रयोगात मशीन गरम होतं, म्हणून छोटी वेळेवर आली. काकूंनी मोठ्या बाईंना सांगितलं की शुक्रवारी अकरा वाजता सगळ्यांसमोर दाखवते.

गुरुवारी मिस्त्रीने सहा नंबर पुन्हा टेबलावर, त्याच झोताखाली ठेवलं. पुसलेल्या डिस्कऐवजी तशीच एक कोरी मोठी डिस्क आत बसवली. शुक्रवारी अकरा वाजता मोठ्या बाई, गुरुजी, मिस्त्री, चिमणी आणि काकू असे पाच जण स्क्रीनभोवती उभे राहिले. गुरुजींनी काहीच विचारलं नाही. चिमणीने एकदा एन्टर दाबलं आणि दोन्ही हात वर करून मागे सरकली.

तिसऱ्या सेकंदाला मोठी डिस्क हजर. बाराव्या सेकंदाला छोटी.

"बघा," काकू म्हणाल्या. "आता सिस्टीम मोठीवर जाणार."

वीस मिनिटं झाली. काम संपलं. चिमणीने स्क्रीनवर पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

सिस्टीम छोट्या डिस्कवर गेली होती.

६

"काकू, तुमचे कष्ट मला दिसतात," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि काकूंना तेच जास्त लागलं. "पण मी म्हणत होतो ना. फाइलमध्ये दोष नाही."

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मिस्त्री फडक्याची घडी घालत आणि मोडत राहिला. चिमणी कोणाकडेच बघत नव्हती.

काकू खुर्चीवर बसल्या. त्यांचे पाय दुखत होते. हजेरी त्यांनी म्हटल्याप्रमाणेच झाली होती, मोठी आधी आणि छोटी मागून. तरी सिस्टीम छोटीवर गेली. म्हणजे आजच्या उत्तरपत्रिकेने पहिल्या येणाऱ्याला कप दिलाच नव्हता. तिने नावाने हाक मारली होती.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "ती फाइल जरा वाचून दाखवा. डिस्कची ओळ तेवढी."

"ती तांत्रिक भाषा आहे, तुम्हाला—"

"वाचा, गुरुजी," मोठ्या बाई म्हणाल्या.

गुरुजींनी फाइल उघडली, पण ते वाचेनात. शेवटी मोठ्या बाईंनीच वाकून वाचलं. तिथे 'पहिली डिस्क' असं नव्हतं. तिथे अक्षरं आणि आकडे मिळून चौदा चिन्हांचा एक लांबलचक नंबर होता.

"हा कसला नंबर?"

"डिस्कचा स्वतःचा," मिस्त्री म्हणाला. "कारखान्यातून छापून येतो." त्याने मशीनचं झाकण उघडलं, छोटी डिस्क सरकवून बाहेर घेतली आणि तिच्यावरची पट्टी वाचून दाखवली. चौदाही चिन्हं जुळली.

"बरोबरच आहे," गुरुजी भराभर म्हणाले. "मी नेहमी नंबरच लिहितो. हजेरीच्या क्रमावर भरवसा ठेवायचा नसतो, हे कोणालाही कळतं. म्हणून तर म्हणतो, रविवारी हाताने—"

"मिस्त्री," काकूंनी शांतपणे विचारलं, "असा नंबर दुसऱ्या एखाद्या डिस्कवर असतो का?"

"छे! दोन डिस्कचा एक नंबर कधीच नसतो. दोन केसपेपरांचा असतो का?"

"मग एक ते पाच नंबरच्या मशिनांत ही डिस्क नाही."

"कशी असेल? ती माझ्या हातात आहे."

"गुरुजी, सोमवारी तुम्ही मला सांगितलंत. सहा मशिनं, एकच उत्तरपत्रिका, एका अक्षराचा फरक नाही. रविवारी हीच फाइल पाच मशिनांना दिली असती, तर त्यांनी ही डिस्क शोधून शोधून काम थांबवलं असतं. पण पाचही मशिनांत सिस्टीम अगदी नीट बसली. म्हणजे रविवारी हा नंबर इथे नव्हता. रविवारी इथे काय होतं?"

"काकू," चिमणी हलक्या आवाजात म्हणाली, "फाइल शेवटची कधी बदलली तेही मशीन सांगतं." तिचा हात कीबोर्डकडे गेला.

"बघू नकोस," गुरुजी म्हणाले. "सोमवार. बारा वाजून दहा मिनिटं."

ते भिंतीला टेकले. चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही.

"नोंद मी सोमवारी सकाळीच वाचली. ती अकराव्या सेकंदाची ओळ पाहिली आणि पाचावर धारण बसली. पूर्वी प्रत्येक मशीनची वेगळी फाइल होती, डिस्कच्या नंबरासकट. सहा फाइली सांभाळायचा कंटाळा आला, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी एकच केली आणि लिहून टाकलं, पहिली डिस्क. रोज तीच पहिली यायची. मुलांना मी हेच करू नका म्हणून शिकवत आलो." त्यांनी चिमणीकडे पाहिलं. "मला वाटलं, तू लहान आहेस. तुला दुसरं काम मिळेल. छप्पन्नाव्या वर्षी मला कोण घेतंय? असा हिशेब केला मी, पोरी. पाच मिनिटांत केला."

"सर, मला चार रात्री झोप नाही," चिमणी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी आईला सांगितलं, माझ्या हातून चूक झाली असेल. मला खरंच तसं वाटायला लागलं होतं. तुम्ही त्या दिवशी येऊन सांगितलं असतंत ना, तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते."

गुरुजींनी मान खाली घातली.

मोठ्या बाईंनी चिमणीचं पत्र मधोमध फाडलं. मग गुरुजींकडे वळल्या. "ओळ चुकली त्याची शिक्षा मी दिली नसती. तुमचं काय करायचं ते मी सोमवारी सांगेन. आत्ता तीनशे बारा माणसांना फोन करून पुन्हा फोटोला बोलवायचंय."

"मी करतो," गुरुजी म्हणाले. "तेवढं मला करू द्या."

दुपारी काकू रेकॉर्ड रूममधून पत्ते आणि फोन नंबर काढून देत होत्या. दाराशी एका टेबलावर गुरुजी फोन घेऊन बसले आणि शेजारी चिमणी, वेळा लिहायला. तिला तिथे बसायला कोणी सांगितलं नव्हतं. यादीत पहिलं नाव एका आजीचं होतं.

"नमस्कार, डोळ्यांच्या इस्पितळातून बोलतोय," गुरुजी म्हणाले. "आमच्या मशीनमध्ये जरा बिघाड झाला होता, त्यामुळे—"

चिमणीने हात पुढे करून फोन बंद केला.

"असं नाही, सर."

काकूंनी कपाटातून डोकं बाहेर काढलं, पण मध्ये पडल्या नाहीत. गुरुजींनी तोच नंबर पुन्हा लावला.

"आजी, मगाशी फोन कट झाला. इस्पितळातूनच बोलतोय. तुमच्या डोळ्यांचे चार महिन्यांचे फोटो माझ्या चुकीमुळे पुसले गेले. हो, माझ्याच. मशीनची नाही, दुसऱ्या कोणाची नाही." ते ऐकत राहिले. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि चिमणीकडे वळले.

"विचारतायत, कधी येऊ?"

चिमणीने वही पुढे ओढली. "मंगळवारी, साडेदहाला," ती म्हणाली, आणि पुढचा नंबर त्यांच्यासमोर सरकवला.